नवा हंगाम, विसरलेले खेळाडू: आमच्या कागदी बेसबॉल लीगमधला एक तिढा

डावखुरा (धागालेखक)

इथं क्रिकेटवर आठवड्याला चार धागे निघतात, बेसबॉलवर कुणी चुकून एखादा काढतं. नियम माहीत नसले तरी हरकत नाही. शाळेत मागच्या बाकावर पुस्तकाची पानं उलटत, शेवटचा आकडा बघत बुक क्रिकेट खेळला असाल तर आम्ही काय करतो ते तुम्हाला लगेच कळेल. आम्ही काही उद्योगी लोक (न्यू जर्सी, बे एरिया, मिरज, नाशिक) तेच करतो. पानांच्या जागी दीडशे वर्षांची आकडेवारी असते, एवढाच फरक.

अमेरिकेत हे वेड जुनं आहे. एपीबीए नावाचा पत्ते-फाशांचा खेळ १९५१ मध्ये आला, स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१ मध्ये. दुसरा काढणाऱ्या हॅल रिचमनने अकरा वर्षांचा असतानाच फासे टाकून त्याची जुळवाजुळव सुरू केली होती. रचना साधी आणि फार हुशार आहे. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड. तीन फासे टाकायचे. पहिल्यावर १ ते ३ पडलं तर फलंदाजाच्या कार्डावरचा रकाना, ४ ते ६ पडलं तर पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या). उरलेल्या दोघांची बेरीज म्हणजे त्या रकान्यातली ओळ. सात पडायची शक्यता ३६त ६, दोन पडायची ३६त १, म्हणून होमरन (थेट कुंपणापार गेलेला फटका) कुठल्या ओळीवर छापायचा यात सगळी कारागिरी. रकाने आणि बेरजा धरून एकूण २१६ शक्यता, आणि त्यात एक माणूस बसवायचा.

आम्ही फासे सोडून संगणकावर आलो, पण तयार खेळ न घेता घरीच लिहिलेला एक छोटा प्रोग्राम वापरतो. गाभा आहे बेसबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या बिल जेम्सच्या सूत्राचा. फलंदाजाची सरासरी (इथं ती धावांची नसते; हिट म्हणजे मारून बेस गाठणं, आणि दर खेपेला किती हिट बसतात ती सरासरी) ०.३००, समोरचा पिचर ०.२२० देणारा, लीगची सरासरी ०.२६०, तर या जोडीत हिट बसण्याची शक्यता येते ०.२५६. तेवढ्या शक्यतेचं नाणं उडवायचं. अशी काही हजार नाणी उडवली की हंगाम संपतो.

आता आमच्या लीगचं वेगळेपण. आठही संघांना गाशा गुंडाळलेल्या संघांची नावं आहेत: प्रॉव्हिडन्स ग्रेज, क्लीव्हलंड स्पायडर्स, टोलेडो ब्लू स्टॉकिंग्ज, सेंट लुई ब्राउन्स, बाल्टिमोर टेरापिन्स, नेवार्क ईगल्स, होमस्टेड ग्रेज, कॅन्सस सिटी मोनार्क्स. (स्पायडर्स १८९९ मध्ये २० जिंकले आणि १३४ हरले. तरी ते नाव घ्यायला दोघांत भांडण झालं.) आणि हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, असलेला एकही खेळाडू घ्यायचा नाही. बेब रूथ बाद, टाय कॉब बाद, सगळी देवघरातली मंडळी बाद.

मग उरतं कोण? आर्ची ग्रॅहम, टोपणनाव मूनलाइट. २९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सकडून दोन इनिंग उजव्या मैदानात उभा राहिला, बॅट हातात यायच्या आत सामना संपला. पुढं मिनेसोटातल्या चिझम गावात आयुष्यभर डॉक्टरकी केली, शाळेतल्या पोरांच्या रक्तदाबावर संशोधन छापलं. जॉन पाचोरेक: २९ सप्टेंबर १९६३, ह्यूस्टन, वय १८. तीनदा बॅट फिरवली, तिन्ही हिट, वर दोन वॉक (पिचरनं चार वाईट चेंडू टाकले की फुकट मिळणारा पहिला बेस). नंतर पाठ गेली, दुसरा सामना नाही. लॅरी याऊंट १९७१ मध्ये ह्यूस्टनचा पिचर म्हणून मैदानावर आला, सरावाचे चेंडू टाकतानाच कोपर दुखलं, खरा चेंडू एकही न टाकता परत गेला. खेळल्याची नोंद मात्र आहे. बोबो हॉलोमनने ब्राउन्सकडून १९५३ मध्ये, सुरुवातीपासून पिचिंग केलेल्या पहिल्याच सामन्यात, नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट दिली नाही. त्याच वर्षी त्याचं करिअर संपलं: ३ विजय, ७ पराभव.

दोन आठवड्यांत नव्या हंगामाची निवड आहे आणि तिढा असा की नाशिककरांना रुडी पेम्बर्टन हवाय. बोस्टन, १९९६, ४१ अ‍ॅट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या खेपांत) २१ हिट. सरासरी ०.५१२. नोंद खरी आहे, ती तशीच्या तशी कार्डावर छापा असा त्यांचा आग्रह. आणि बे एरियाच्या वैनींना चिनो स्मिथ हवाय, न्यूयॉर्क लिंकन जायंट्सचा, १९२९ मध्ये ०.४५१. तेही छापा म्हणतात. दोघांच्या नोंदी तोकड्या आहेत. एकाच चाळणीतून काढायच्या का?

---

चहाबाज_नाशिक

मालक, ते "नाशिककर" म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजू नका. माझं म्हणणं सोपं आहे. हे कागदी बेसबॉल आहे. इथंही वास्तववादच पाळायचा तर मी सरळ कामावर जाईन की. पेम्बर्टन ०.५१२ने खेळला, देवानं खेळवला, तुम्ही कोण कापणारे?

(बाकी धागा झकास. बटाटेवडे घेऊन बसलोय.)

---

गणिती_काकू

धागा आवडला. लीगमध्ये नाही, पण संख्याशास्त्र शिकवण्यात हयात गेली म्हणून दोन शब्द.

चहाबाज, ४१ वेळांत २१ हिट हा पेम्बर्टनचा गुण नाही, त्या दोन-तीन आठवड्यांचा गुण आहे. ठरलेला उपाय असा की माणसाच्या खऱ्या नोंदीत लीगच्या सरासरीचे काही काल्पनिक अ‍ॅट-बॅट मिसळायचे. समजा २००. ज्याचे स्वतःचे ५,००० आहेत त्याला त्याचा काही फरक पडत नाही. ज्याचे ४१ आहेत तो बराचसा लीगसारखा होतो, पण पूर्ण नाही.

करून पाहिलं. अमेरिकन लीगची (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) १९९६ची सरासरी ०.२७७. म्हणजे २१ हिटमध्ये ५५.४ मिळवा, भागिले २४१. उत्तर ०.३१७.

याच जातीचा आणखी एक गडी मला ठाऊक आहे, बॉब हेझल. १९५७ मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्जचा ब्रूटन जखमी झाला म्हणून याला वर आणलं आणि हा १३४ अ‍ॅट-बॅटमध्ये ५४ हिट मारून बसला, ०.४०३. लोकांनी नाव ठेवलं हरिकेन. ब्रेव्ह्ज त्या वर्षी विश्वविजेते झाले. पुढच्या वर्षी डोक्याला चेंडू लागला, डेट्रॉइटला विकला गेला, खेळ खलास. नॅशनल लीगची तेव्हाची सरासरी ०.२६०. ५४ अधिक ५२, भागिले ३३४. उत्तर पुन्हा ०.३१७!

एकाचा आकडा शंभराहून अधिक अंशांनी मोठा, तरी चाळणीतून दोघं एकाच उंचीचे निघतात, कारण हेझलनं ते तिप्पट काळ टिकवलं. मला यात अन्याय दिसत नाही. चिनो स्मिथ कोण मला माहीत नाही, पण चाळणी सगळ्यांना एकच हवी. खेळाडूगणिक सूत्र बदलायला लागलात तर तुमच्या लीगमध्ये आकडे कमी आणि वशिले जास्त होतील.

---

रंकाळ्यावरचा

काय ओ डावखुरे, बेसबॉलातलं शष्प कळत न्हाई मला, पण धागा वाचून एकच नाव डोक्यात आलं. आमचे भाऊसाहेब निंबाळकर! १९४८, पुण्यात, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ला नऊ रन कमी. जेवायची सुट्टी झाली आणि काठियावाडच्या कप्तानानं, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, खेळायलाच नकार दिला. सामना सोडून दिला गड्यांनी. आणि भाऊसाहेब एकही कसोटी खेळले न्हाईत. असल्या लोकांची क्रिकेटची लीग काढा, पहिला संघ आमचा. नाद खुळा!

---

गणिती_काकू

>> नाबाद ४४३

रंकाळाभाऊ, निंबाळकर चाळणीला घाबरत नाहीत हो. प्रथम श्रेणीत त्यांची सरासरी ४७ च्या वर आहे. ते हेझल नव्हेत. त्यांना वाव मिळाला नाही हा वेगळा मुद्दा.

---

वैनी_बे_एरिया

>> त्यांना वाव मिळाला नाही हा वेगळा मुद्दा

काकू, नमस्कार. माझ्या मते तोच मुद्दा आहे, वेगळा नाही.

नोंद तोकडी असायची दोन कारणं असतात. पेम्बर्टनला वाव होता. १९९७ मध्ये त्याच बोस्टननं त्याला पुन्हा उभं केलं, ०.२३८ झाली, सोडून दिलं. त्याची नोंद तोकडी आहे कारण खेळानं त्याला पाहिलं आणि पुरे म्हटलं. आता आमच्या लीगमधल्या टोलेडोचे दोन भाऊ घ्या. मोझेस फ्लीटवुड वॉकर, कॅचर, १८८४ मध्ये ४२ सामने. धाकटा वेल्डी, ५ सामने. दोघं कृष्णवर्णीय. त्यानंतर मालकांनी आपसांत दार लावून घेतलं ते १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत. वेल्डीचे ५ सामने बघून तुमचं सूत्र म्हणणार, पुरावा कमी, ओढा याला सरासरीकडे. पण पुरावा कमी का आहे, हे सूत्राला कोण सांगणार?

चिनो स्मिथचं तसंच. ०.४५१ ज्या लीगमध्ये मारले ती अमेरिकन निग्रो लीग (निग्रो लीग म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीग) एका हंगामात बंद पडली. एकूणच निग्रो लीगचे हंगाम छोटे, कारण पैसा मिळायचा तो गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांतून, आणि ते मोजायचे नाहीत असं ठरलेलं. कित्येक सामन्यांचे तक्ते वर्तमानपत्रांनी छापलेच नाहीत. जे छापले ते कुणीतरी जुने कृष्णवर्णीय साप्ताहिकांचे अंक चाळून एकेक करून गोळा केले, सीमहेड्स या संकेतस्थळाच्या लोकांनी २०११ पासून ते सगळ्यांसाठी खुले केले, तेव्हा कुठे हे आकडे दिसताहेत. मेजर लीगनं (अमेरिकेतलं सर्वोच्च बेसबॉल) या लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला डिसेंबर २०२० मध्ये, आणि आकडे अधिकृत वहीत चढले २०२४ मध्ये. निग्रो लीगमधला जॉश गिब्सन करिअरची सरासरी ०.३७२ घेऊन कॉबच्या ०.३६७च्या वर बसला, तो त्या दिवशी.

"पण समोरचे पिचर कच्चे असतील" हे कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच: १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू नऊ वेळा असा निघाला जो निग्रो लीगमधून आला होता. रॉबिन्सन, कॅम्पानेला तीनदा, मेज, न्यूकम, एरन, बँक्स दोनदा. कच्च्या लीगमधून हे येत नाही.

५ जुलै १९३० ला यांकी स्टेडियममध्ये निग्रो लीगचा पहिला सामना झाला. त्यात चिनो स्मिथने दोन होमरन आणि एक ट्रिपल (तीन बेसचा फटका) मारला. दोन वर्षांच्या आत तो वारला, तिशीच्या आसपास. मी त्याला ०.३१७ला नेऊन ठेवणार नाही.

---

कोपऱ्यातला_प्रेक्षक

एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नये. मेलेल्या लोकांचे न झालेले सामने संगणकावर लावून, त्यावर एवढी भांडणं करून, नक्की हाती काय लागतं?

---

चहाबाज_नाशिक

>> हाती काय लागतं

साहेब, झालेल्या आयपीएल सामन्यांतून तुमच्या हाती जे लागतं तेच. शिवाय आमच्याकडे जाहिराती नाहीत.

---

मिरजमेल

प्रॉव्हिडन्सचा मालक इथं हजर. भांडणात माझंही एक घोडं.

घरचं मैदान निवडायची मुभा आहे ना? मला शिकागोचं लेक फ्रंट पार्क हवंय, १८८४चं. डाव्या टोकाला कुंपण १८० फुटांवर, उजव्या टोकाला १९६. हल्लीच्या मैदानांत टोकाचं कुंपण सव्वातीनशेच्या आसपास असतं. १८८३ पर्यंत त्या कुंपणावरून गेलेला चेंडू दोनच बेसचा धरत. १८८४ ला नियम बदलला आणि होमरन धरायला लागले. झालं! नेड विल्यमसननं २७ मारले, त्यातले २५ घरच्या मैदानावर. हा विक्रम बेब रूथनं १९१९ मध्ये २९ मारेपर्यंत टिकला. पस्तीस वर्षं! आणि विल्यमसन हॉल ऑफ फेममध्ये नाही, म्हणजे तो पण मिळतो.

डावखुरे म्हणतात मैदान चालणार नाही. मी म्हणतो, त्यांनी स्वतः पिट्सबर्गचं फोर्ब्ज फील्ड घेतलंय ते चालतं. चीफ विल्सनने १९१२ मध्ये पिट्सबर्गकडून ३६ ट्रिपल मारले, आजवर कुणाला जमलं नाही, आणि त्याचं स्वतःचं त्याखालोखालचं वर्ष होतं १४ ट्रिपलचं. कुंपणं इतकी लांब की चेंडू लोळत राहायचा. गेल्या हंगामात यांनी त्या विल्सनकडून आमच्या पिचरांची पार दैना केली. लांब कुंपण इतिहास, आणि जवळचं कुंपण चावटपणा?

आणि हो, बम्पस जोन्स पण मला हवाय. १५ ऑक्टोबर १८९२, सिनसिनाटी, आयुष्यातला पहिला सामना आणि थेट नो-हिटर.

---

डावखुरा

एकेक घेतो.

प्रेक्षकसाहेब, रागावण्यासारखं काही नाही. मला त्यातला खेळ आवडतो हे खरंच, पण जास्त आवडतं ते कार्ड बनवणं. बेब रूथचं कार्ड बनवायला पाच मिनिटं लागतात, सगळं आयतं आहे. वेल्डी वॉकरचं बनवायला बसलं की तो कोण, कुठला, पाचच सामने का, हे शोधावंच लागतं. लाहमनची आकडेवारी कुणालाही फुकट उतरवून घेता येते, रेट्रोशीट १९८९ पासून जुन्या सामन्यांचा चेंडूगणिक हिशेब जमवतंय, दोन्हीकडे बरीचशी हौशी मंडळी. आउट ऑफ द पार्क हा या प्रकारातला सगळ्यात नावाजलेला संगणकी खेळ काढला मार्कुस हाइनसोन नावाच्या जर्मन माणसानं. तेव्हा हे वेड लागायला इथं जन्मावं लागत नाही. माझ्या घरापासून गाडीनं थोडं गेलं की पॅटरसनचा धबधबा आहे, आणि त्याला लागून हिंचलिफ स्टेडियम. न्यूयॉर्क ब्लॅक यांकीज तिथं खेळायचे. वर्षानुवर्षं पडीक होतं, २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. निग्रो लीगची मैदानं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. ही लीग सुरू करायच्या आधी मी त्या रस्त्यानं असंख्य वेळा गेलो असेन आणि मान वळवून पाहिलं नव्हतं.

मिरजमेल, तुमचा मुद्दा बिनतोड आहे आणि म्हणूनच गैरसोयीचा. लेक फ्रंट पार्क मंजूर. पण विल्यमसन घेतलात तर त्याचं पूर्ण करिअर घ्यायचं, एकटं १८८४ नाही. मैदान तुम्हाला होमरन देईल, कार्डानंही दिले तर एकाच गोष्टीचे पैसे दोनदा. विल्सनलाही हाच नियम लावतो, म्हणजे तुमच्या पिचरांना थोडी झोप लागेल.

बम्पस जोन्सवर मात्र अडतो. त्याचा नो-हिटर जुन्या अंतरावरून, पिचरची चौकट ५० फुटांवर होती तेव्हाचा. १८९३ मध्ये अंतर केलं ६० फूट ६ इंच, आणि त्या वर्षी तो पार झोडपला गेला. आमची लीग ६० फूट ६ इंचांवर चालते. त्याचा एक झळाळता दिवस आपल्या खेळातला नाहीच. हवा तर घ्या, कार्ड १८९३चं मिळेल.

---

मिरजमेल

नको. १८९३चा बम्पस म्हणजे पदरमोड करून मार खाणं. हॉलोमन देता का?

---

डावखुरा

हॉलोमन ब्राउन्सवाले सोडत नाहीत. नावातच आहे त्यांचा माणूस. विचारून बघा, पण बदल्यात पाचोरेक मागतील.

---

गणिती_काकू

वैनी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एकाच चाळणीवर मी ठाम आहे, पण चाळणीत काय टाकायचं ते तुम्ही नीट दाखवलंत.

त्या २०० काल्पनिक अ‍ॅट-बॅटचा अर्थ असा असतो: या माणसाबद्दल मला दुसरं काही माहीत नसेल, तर तो इतरांसारखा धरीन. पण "इतर" कोण आणि "माहीत" काय, हे ठरवणं आपल्या हातात असतं. चिनो स्मिथबद्दल फक्त १९२९ का पाहायचं? तो १९२५ पासून खेळत होता. ती सगळी वर्षं घाला. हिवाळ्यात क्यूबात खेळला असेल तर तेही घाला. मग त्याचा पुरावा शेकड्यांत जातो आणि माझे २०० त्याला फारसे ओढू शकत नाहीत. उलट पेम्बर्टनचं पूर्ण खातं घाला: १३४ अ‍ॅट-बॅट, ४५ हिट. त्याच १९९६च्या सरासरीकडे ओढलं तर साधारण ०.३०१. तो ०.३१७वरून खाली येतो. नियम एक, पण पूर्ण खातं मांडल्यावर एक वर जातो आणि दुसरा खाली.

वेल्डी वॉकरला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. पाच सामन्यांच्या पलीकडे आकडाच नसेल तर सूत्र त्याला सरासरी खेळाडू म्हणेल. त्यात त्याचा अपमान नाही एवढंच म्हणू शकते. सूत्र सरासरीपेक्षा वाईटही म्हणत नाही.

---

वैनी_बे_एरिया

पटलं. "इतर" कोण, यावर एकच अट. स्मिथला ओढायचंच तर त्याच्या लीगच्या सरासरीकडे ओढा, आणि त्या सरासरीला "दुय्यम लीग" म्हणून कात्री लावायची नाही. नऊ वेळा सर्वोत्तम, विसरू नका.

---

डावखुरा

मंजूर. तर नव्या हंगामासाठी ठरलं ते असं.

मिसळायचे अ‍ॅट-बॅट २००, सगळ्यांना. माणसाच्या खात्यात तो जिथं जिथं खेळला ते सगळं धरायचं. मायनर लीगच्या (मेजरच्या खालच्या पायरीवरच्या) आकड्यांना कात्री लागेल, निग्रो लीगच्या आकड्यांना लागणार नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्या त्याच्या वर्षाशी, कारण १९३० ला अख्खी नॅशनल लीग ०.३०३ने खेळत होती आणि १९६८ मध्ये यास्त्रेम्स्की ०.३०१ काढून अमेरिकन लीगमध्ये पहिला आला. कार्ड करिअरचं, एका वर्षाचं नाही. ग्रॅहम आणि याऊंट यांना त्यांच्या मायनरमधल्या वर्षांवरून कार्ड मिळेल. पाचोरेकलाही, आणि तिथं त्याची फलंदाजी सुमारच होती, तेव्हा तीनपैकी तीन बघून कुणी फार बोली लावू नये. नुसते मेजर लीगमधले तीन धरले तरी सूत्रानं ०.२५६च येतात.

---

चहाबाज_नाशिक

म्हणजे माझा पेम्बर्टन ०.५१२चा ०.३०१ झाला, मायनरचं घातलंत की आणखी घसरणार, आणि हे सगळं एका काकूंनी केलं ज्या लीगमध्येच नाहीत. काकू, साष्टांग दंडवत.

बरं, मग एडी गेडेल? ३ फूट ७ इंच उंची, १९ ऑगस्ट १९५१, ब्राउन्सच्या मालकानं, बिल व्हीकनं, पाठीवर १/८ आकडा लावून उभा केला, चार चेंडूंत वॉक. दुसऱ्या दिवशी लीगच्या अध्यक्षांनी करार रद्द केला. त्याचा एकही मायनर लीगचा आकडा नाही. एकदा उभा राहिला, एकदा बेसवर गेला. याला कशाकडे ओढणार? गुडघ्यापासून काखेपर्यंत जेवढं अंतर तेवढ्यातच चेंडू टाकायचा हे पिचरचं दुखणं, सरासरीचा काय संबंध?

---

गणिती_काकू

हा बिलंदर प्रश्न आहे. इथं पुरावा म्हणजे त्याची उंची. मी त्याला न चाळता सोडीन.

---

डावखुरा

गेडेल घेता येईल, पण हंगामात एकदाच, आणि वॉक मिळाल्यावर लगेच बदली धावपटू, त्या दिवशी झालं तसंच. नाहीतर चहाबाज त्याला रोज पहिल्या क्रमांकावर पाठवतील.

---

रंकाळ्यावरचा

आमच्या क्रिकेटवाल्या लीगचं काय ठरलं मग?

---

डावखुरा

रंकाळाभाऊ, वेगळा धागा काढा, रणजीच्या जुन्या धावफलकांपासून सुरुवात करू. प्रोग्राम माझा, जेवण तुमचं. तांबडा-पांढरा.

तूर्तास निवड. गेल्या हंगामात तळाला होते ते पहिले, म्हणजे चहाबाज.

---

चहाबाज_नाशिक

पेम्बर्टन गेला खड्ड्यात. माझी पहिली निवड रॉन राईट. सिअ‍ॅटल, १४ एप्रिल २००२. एकच सामना. तीनदा उभा राहिला: एकदा स्ट्राइकआउट, एकदा ट्रिपल प्ले (एकाच फटक्यावर तिघं बाद), एकदा डबल प्ले (दोघं बाद). तीन वेळांत सहा बाद! इतकी उत्पादकता आमच्या ऑफिसात कुणाची नाही. कार्डावर ट्रिपल प्ले छापणार ना?

---

डावखुरा

नाही छापणार. ट्रिपल प्ले फलंदाजाच्या कार्डात नसतोच आपल्याकडे, बेसवर कोण आहे आणि बाद किती झालेत त्यावरून प्रोग्राम ठरवतो. आणि राईटची मायनरमधली वर्षं बघा, होमरन मारणारा दणकट गडी होता. तुम्ही गंमत म्हणून घेतलात, पण हा तुमच्या संघातला सर्वांत चांगला फलंदाज निघू शकतो.

नोंद केली. वैनी, तुमची पाळी. चिनो स्मिथ ना?

---

वैनी_बे_एरिया

चिनो स्मिथ. आणि दुसऱ्या फेरीत वेल्डी वॉकर माझा, कुणी मध्ये हात घालू नये.

---

मिरजमेल

दुसऱ्या फेरीत वेल्डी?? पाच सामन्यांचा गडी शेवटच्या फेरीतही मिळेल की वैनी.

---

वैनी_बे_एरिया

माहीत आहे. टोलेडोवाले पण थोरल्या भावासोबत त्याला घ्यायला टपलेत. दुसऱ्या फेरीत.